ढेपूने अर्धं वाचलेलं पत्र

“हलू नकोस, एक बट राहिलीय,” अप्पा म्हणाले.

रविवारचे नऊ वाजायला चार मिनिटं होती. मशीनरूममध्ये मला स्टुलावर बसवून अप्पा माझी वेणी घालत होते. एकच. दोन वेण्या त्यांना कधी जमल्या नाहीत, कारण भांग पाडायला घेतला की तो अर्ध्या वाटेत डावीकडे वळायचा. मोठमोठी यंत्रं खोलून पुन्हा जोडणारा हा माणूस माझ्या केसांपुढे मात्र हात टेकायचा.

“अप्पा, लवकर. ढेपू लागेल.”

“मी लावल्याशिवाय कसा लागेल?”

ते खरंच होतं. आम्ही वाघजाईच्या डोंगरावर, टीव्हीच्या टॉवरखाली राहायचो. मोठ्या केंद्रावरून आलेला कार्यक्रम आमच्या अँटेनाच्या छत्रीत उतरायचा आणि टॉवरवरून आसपासच्या वीस किलोमीटरमध्ये पसरायचा. वीसच्या पुढे दुसऱ्या टॉवरची हद्द. अप्पा तिथे तंत्रज्ञ होते. दुपारी दोनला मुलाणीकाका लुनावरून धापा टाकत वर यायचे आणि अप्पांना सोडवायचे. बाकी वर होतं काय, तर दोन खोल्यांचं क्वार्टर, जनरेटरची शेड, पाण्याची टाकी आणि वारा. सगळ्यांत जवळचं घर चार किलोमीटर खाली, वडजाई गावात.

माझी शाळा वडजाईतच होती. शाळेतल्या पोरांचा ठाम समज होता की सगळे कार्यक्रम अप्पाच बनवतात. “तुझ्या वडलांना सांग, कालचा सिनेमा परत लावा,” असे निरोप मला मिळायचे. डोंगरावर लाईट गेली की सोमवारी माझी काही धडगत नसायची. मला सगळे ‘टॉवर’ म्हणायचे. वडजाईत तेव्हा अकरा टीव्ही होते आणि प्रत्येकासमोर तीस-तीस पोरं एकमेकांच्या मांडीवर बसलेली असायची. आमच्याकडे दोन टीव्ही होते आणि त्यांच्यासमोर मी.

‘ढेपूची पिशवी’ आता कुणाला आठवत नाही. माझ्या वयाच्या माणसांना मी विचारून पाहिलं आहे. एक म्हणाला, ढेपू म्हणजे ते अस्वल ना? दुसरीने तर असा कार्यक्रमच नव्हता म्हणून माझ्याशी वाद घातला. इंटरनेटवर शोधलं तर एका कोपऱ्यात कुणीतरी चार ओळींची चौकशी टाकलेली सापडते आणि तिच्याखाली एकही उत्तर नाही. ती चौकशी मीच टाकलेली आहे.

ढेपू अस्वल नव्हता. तो पोस्टमन होता. लाकडी डोकं, कापडी अंग, आणि मिशीची एक बाजू कायम सुटलेली. बोलताना ती लोंबायची आणि तो ती फुंकून वर उडवायचा. दर आठवड्याला तो एकाचं पत्र दुसऱ्याच्या घरी टाकायचा आणि सगळ्या गावात गोंधळ उडवून द्यायचा. मध्येच पाच मिनिटांचं एक परदेशी कार्टून असायचं. त्यात चिकणमातीचा एक छत्रीवाला होता, तो काहीच बोलायचा नाही, नुसता जिथे जाईल तिथे छत्री विसरायचा. आणि सगळ्यात शेवटी ढेपू पिशवीत खांद्यापर्यंत हात घालून एक खरं पत्र काढायचा. खऱ्या मुलांनी पाठवलेलं. ते नाव-गावासकट वाचायचा.

त्या पत्रासाठी मी सहा रविवार डोळ्यांत प्राण आणून बसले होते. हा सातवा.

आई जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. ती गेली तोही रविवारच. डोंगरावर तिचं मन कधी रमलंच नाही. तिने बालवाडीच्या शिक्षिकेचं शिक्षण घेतलं होतं आणि वर शिकवायला मी एकटी. दिवसभर वाऱ्याशी बोलून मला वेड लागेल, असं ती म्हणायची. अप्पा म्हणायचे, मग मी नोकरी सोडू का? ही दोन वाक्यं आमच्या घरात इतक्या वेळा झाली होती की मला तीही एखाद्या कार्यक्रमासारखी पाठ होती. त्या दिवशी जीप बोलावलेली होती. आई दारात उभी राहिली आणि म्हणाली, “हर्षू, येते मी.”

“थांब गं, ढेपू लागलाय,” मी म्हणाले. मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला वाटलं बाजाराला चालली आहे.

ढेपू संपल्यावर बाहेर आले तर खालच्या वळणांवर नुसता धुरळा होता.

“सांगलीला गेलीय, मामाकडं,” अप्पा म्हणाले.

“कधी येणार?”

“येईल.”

महिन्याभराने मी विचारायचं बंद केलं, कारण विचारलं की ते जेवणावरून उठायचे. मग वहीचं पान फाडलं आणि ढेपूला पत्र लिहिलं. ते मला अजून शब्दन् शब्द येतं.

‘प्रिय ढेपूकाका, माझी आई गावाला गेली आहे. ती गेली तेव्हा मी तुमचा कार्यक्रम बघत होते म्हणून तिच्याकडे बघितलं नाही. ती रागावली असेल. ती सांगलीत तुमचा कार्यक्रम नक्की बघते. तिला सांगा, आता मी ढेपू बघणार नाही, तिच्याकडेच बघेन. तिने घरी यावं. हर्षदा खटावकर, वाघजाई टॉवर.’

शाळेत जाताना ते मी वडजाईच्या पेटीत टाकलं. अप्पांना सांगितलं नाही. आई परत दारात दिसली की त्यांचा चेहरा कसा होईल, ते मला बघायचं होतं.

तर त्या सातव्या रविवारी वेणीला रिबीन बांधून अप्पा यंत्रापाशी गेले आणि ढेपू लागला. त्या दिवशी त्याने सरपंचाचं पत्र न्हाव्याकडे टाकलं. छत्रीवाला छत्री विसरला. अप्पा माझ्या शेजारीच उभे राहून रजिस्टरमध्ये आकडे लिहीत होते. टेबलावरचा पंखा मान हलवत कधी त्यांच्याकडे वारा देत होता, कधी माझ्याकडे.

ढेपूने पिशवीत हात घातला. मिशी फुंकली. कागद उलगडला आणि मला माझ्या वहीच्या निळ्या रेघा दिसल्या.

“‘प्रिय ढेपूकाका,’” ढेपू वाचू लागला, “‘माझी आई गावाला गेली आहे.’”

मी स्टुलावरून उडी मारली. “अप्पा, माझं आहे ते! माझं पत्र! मी आईला बोलावलंय!”

“‘ती गेली तेव्हा मी...’”

पडदा पांढरा झाला. खरखर सुरू झाली.

मी वळून पाहिलं. अप्पांचा हात प्रक्षेपणाच्या बटणावर होता.

“लाईट गेली,” ते म्हणाले.

पंखा फिरत होता. त्याने अप्पांकडून मान वळवली, माझ्या तोंडावर वारा सोडला आणि परत अप्पांकडे गेला. मी पंख्याकडे पाहते आहे हे अप्पांनी पाहिलं. त्यांनी हात काढला नाही. मी नऊ वर्षांची होते आणि माझे वडील माझ्यादेखत खोटं बोलत होते. अशा वेळी काय करायचं असतं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

चार मिनिटांनी त्यांनी बटण दाबलं. ढेपू सायकलवरून हात हलवत चालला होता आणि त्याच्या अंगावरून नावं वर सरकत होती.

अप्पांनी रजिस्टर ओढलं. लिहिलं, ‘९.२४ ते ९.२८, वीजपुरवठा खंडित.’ अर्ध्या मिनिटाचा बिघाड झाला तरी ते नोंद करायचे. त्यांच्या हातून काही झालं असेल तर ‘माझी चूक’ असंही लिहायचे, आणि मुलाणीकाका त्यांना त्यावरून चिडवायचे. त्या दिवशी लिहून झाल्यावर ते बराच वेळ पेन हातात धरून बसले. मग म्हणाले, “उपमा करू का?”

“करा,” मी म्हणाले.

सोमवारी शाळेत व्हायचं ते झालं. “ऐन पत्राच्या वेळी गेलं! तुझा बाप झोपला होता काय?” पोरींनी मला घेरलं. एकीने विचारलं, “कुणाचं होतं गं पत्र?”

“मला काय माहीत?”

तेव्हा मला वाटलं, अप्पांनी बरं केलं. माझी आई घर सोडून गेली आहे हे अकराच्या अकरा टीव्हींसमोर वाचलं गेलं असतं तर ‘टॉवर’च्या जागी याहून वाईट नाव पडलं असतं. अप्पांना लाज वाटली असेल, त्यांनी माझीही झाकली. मी त्यांना मनातल्या मनात माफ करून टाकलं. कारण मी टॉवरवाल्याची मुलगी होते आणि एक गोष्ट मला शाळेतल्या कुणाहीपेक्षा चांगली कळत होती. अप्पांचा हात वीस किलोमीटरच पोचतो. सांगलीला दुसरा टॉवर आहे, तिथे दुसरे कुणीतरी अप्पा आहेत, आणि त्यांनी बटण दाबलेलं नाही. तिथे ढेपूने पत्र शेवटपर्यंत वाचलं. माझ्या नावासकट.

आता आई येणार.

मी हिशेब केला. रविवारी ऐकलं, सोमवारी सामान बांधलं, मंगळवारी निघाली. मंगळवारी शाळा बुडवून मी टाकीवर चढून बसले. तिथून रस्त्याची सातही वळणं दिसायची. बुधवारी म्हटलं, मामाने थांबवलं असेल. पुढच्या रविवारी मी शब्दाला जागले, ढेपू लागला तरी मशीनरूममध्ये गेले नाही. टाकीवरच बसले. खाली अप्पांनी एकदा हाक मारली, “हर्षू, सुरू झालं!” मग परत मारली नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत मी टाकीवर चढत होते. एकटं राहणं म्हणजे काय ते मला तिथे कळलं. वर नुसतं कुणी नसणं वेगळं आणि येणारं माणूस रोज न येणं वेगळं. मग एक दिवस चढले नाही. आईने माझं पत्र ऐकलं आणि ती आली नाही, इतकी साधी गोष्ट होती. ती मी घट्ट बांधून बरोबर घेतली आणि तिच्या जोरावर मोठी झाले. पुण्याला कॉलेजात असताना आई एकदा होस्टेलवर आली होती. मी पहारेकरणीकडून निरोप पाठवला, हर्षदा इथे राहत नाही. खिडकीतून तिला परत जाताना पाहिलं. तिच्या हातात डबा होता. मला वाईट वाटलं नाही, असं मी तेव्हा मैत्रिणींना सांगितलं.

अप्पा शेवटपर्यंत माझ्याजवळ होते. माझी पोळी मऊ राहावी म्हणून त्यांनी म्हातारपणीही दूध घालून कणीक मळली. त्या चार मिनिटांविषयी मी कधी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात ते एकदा म्हणाले, “हर्षू, तू गेली असतीस तर वर मी एकटा राहिलो असतो.” मला वाटलं, माझ्या लग्नाविषयी बोलत आहेत. म्हणाले, “कुठं गेले मी? इथंच तर आहे.” त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

ते गेल्यावर दोन वर्षांनी विलासमामाचा फोन आला.

“तुझ्या आईला, कुमुदला, अर्धांगवायूचा झटका आलाय. बोलतीय अजून. एकदा येऊन जा, बाई.”

“पत्ता सांगा सांगलीचा,” मी कोरडेपणाने म्हणाले.

“सांगली कुठली? ती सावरघळला असते.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासनंच की. आमच्याकडं दोनच महिने होती. मग सावरघळची बालवाडी मिळाली, ती तिथंच राहिली. तुला ठाऊक नाही?”

मी फोन ठेवला आणि खुर्चीवर बसले. सावरघळ आमच्या टाकीवरून दिसायचं. सात वळणांच्या उलट्या बाजूला, दरीपलीकडे, चाळीसेक कौलं. मी ज्या दिशेला पाठ करून बसायचे ती बाजू. सरळ रेघेत नऊ किलोमीटर. अप्पा अभिमानाने सांगायचे, तालुक्यात सगळ्यांत स्वच्छ चित्र सावरघळला दिसतं, नुसती तार लटकवली तरी पुरे.

टाकीवर बसून मी माझं पत्र मनातल्या मनात सांगलीला पोचवलं होतं. आई तेव्हा सावरघळला होती आणि अप्पांना ते माहीत होतं. वीस किलोमीटरच्या आतलं एकच घर त्यांना बंद करायचं होतं, वडजाई त्यात आपोआप बंद झालं. तरी मनाने एक फट ठेवली. त्या रविवारी ती टीव्हीसमोर नसेलही. मग तसा काही फरक पडला नसेल. त्या फटीला धरून मी सावरघळला गेले.

दुपारचे तीन झाले होते. बालवाडीच्या मागच्या खोलीत खाटेवर आई पडली होती. डावी बाजू गेलेली, त्यामुळे तोंड जरा वाकडं. मी ती खूप मोठी असेल असं धरून आले होते. खाटेवर एक लहानसं माणूस होतं.

“जेवलीस का?” तिने विचारलं. सव्वीस वर्षांनी पहिलं वाक्य.

“जेवले.”

“बस की मग.”

मी बसले. शेजारच्या खोलीत पोरं बाराखडी म्हणत होती.

“मी तुला सांगलीत समजत होते,” मी म्हणाले. “अप्पांनी तसंच सांगितलं होतं.”

“असेल.” ती रागावली नाही. “मला दोनदा एस्टी स्टँडवर भेटले. म्हणाले, पोरगी तुझं नाव काढत नाही, उगाच तिला हलवू नकोस.”

“आणि तू ऐकलंस?”

“मी निघाले तेव्हा तू वळूनसुद्धा बघितलं नव्हतंस, हर्षू. मला ते खरंच वाटलं.” शब्द जड पडत होते, म्हणून ती थांबत थांबत बोलत होती. “म्हटलं, जबरदस्ती नको. पोरीनं एकदा हाक मारली ना, की नवऱ्याला न विचारता डोंगर चढून जाईन. म्हणून तर इथली नोकरी धरली. हाक आली तर लांबून यायला नको.”

मी तिची सरकलेली चादर नीट केली.

“दर रविवारी तो ढेपू बघायचे,” ती म्हणाली. “सरपंचांच्या ओट्यावर, बालवाडीतली सगळी पोरं गोळा करून. तू पण त्याच वेळी बघत असशील म्हणून. तेवढीच अर्धा तास गाठ पडल्यासारखी वाटायची.”

“एकही रविवार चुकवला नाहीस?”

“नाही. एकदा मात्र मधेच गेलं. कुणा पोरीचं पत्र वाचत होता. माझी आई गावाला गेली आहे, एवढं म्हणाला आणि पडदा पांढरा. आमची पोरं अशी ओरडली! परत आलं तेव्हा संपलंच होतं. मी मग ढेपूला कार्ड टाकलं, की ते पत्र परत वाचा. कुठलं वाचतायत.” ती एका बाजूने हसली. “लई वर्षं ती पोर डोक्यात होती माझ्या. आली असेल का गं तिची आई?”

शेजारी पोरं ‘क’वरून ‘ख’वर गेली होती. मला अप्पांची भयंकर चीड आली, आणि तेवढीच दयाही आली. कणीक मळणारे ते हात आणि बटणावरचा तो हात मला वेगळे करता येईनात. होस्टेलच्या खिडकीतून पाहिलेला डबाही आठवला. तो मी परत पाठवला होता, अप्पांनी नव्हे. गप्प बसणं मला जमलं असतं. आमच्या घरात ते सगळ्यांनाच जमायचं.

“नाही आली,” मी म्हणाले. “तिला पुढचं ऐकूच गेलं नाही.”

“तुला काय माहीत?”

“पत्र माझं होतं, आई.”

मी तिला पुढचं सगळं म्हणून दाखवलं. ती गेली तेव्हा मी तुमचा कार्यक्रम बघत होते, तिथपासून तिने घरी यावं, तिथपर्यंत. खाली माझं नाव आणि टॉवरचा पत्ता. पस्तिशीच्या बाईच्या तोंडी ते कसं वाटेल, याची मला लाज वाटली नाही. मधेच का गेलं होतं ते तिने विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. डोळ्यांतलं पाणी डाव्या बाजूने उशीवर उतरत होतं, तिकडे तिला ते कळतही नसावं.

मग तिने उजवा हात खाटेच्या कडेला लावला आणि जोर केला.

“मला उठवून बसव.”

“कशाला? पडून राहा. डॉक्टरांनी सांगितलंय ना?”

“हाक मारलीस ना,” ती म्हणाली. “निघायला नको?”

मी तिच्या पाठीमागे हात घातला आणि तिला बसतं केलं. ती माझ्या खांद्यावर रेलली. डावा पाय नुसता लोंबत होता, आणि उजव्या पायाने ती खाटेखाली चपला शोधत होती.